दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन फुटबॉलचे दोन संघ एकत्र का खेळले?

खेळायला माणसंच उरली नव्हती म्हणून. 1943 साली बरेचसे खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा पिट्सबर्ग स्टीलर्स आणि फिलाडेल्फिया ईगल्स यांनी एका हंगामापुरता एकच संघ उतरवला. लोक त्याला ‘स्टीगल्स’ म्हणायचे. लष्कराने नाकारलेले बरेच जण त्यात होते. टोनी बोव्हाला एका डोळ्याने दिसत नव्हतं, तरी पास झेलण्यात संघात तोच पुढे! दिवसभर युद्धसामग्रीच्या कारखान्यात काम, मग संध्याकाळी सराव. ग्रीसी नील आणि वॉल्ट कीसलिंग या प्रशिक्षकांचं आपसात पटेना, म्हणून एकाने आक्रमण घेतलं, दुसऱ्याने बचाव. एवढं असूनही 5 विजय, 4 पराभव, 1 बरोबरी. ईगल्ससाठी पराभवांपेक्षा विजय जास्त असलेला हा पहिलाच हंगाम. माझ्या मते त्याचं कौतुक अजूनही कमीच होतं. पुढच्या वर्षी स्टीलर्सनी असाच एकत्र संघ शिकागो कार्डिनल्सबरोबर उतरवला आणि तो सगळे 10 सामने हरला.