पॅकेज चाललं, पण त्यातलं नेमकं काय चाललं?

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करतेय. तंबाखू सोडवण्यासाठी आम्ही एक कार्यक्रम बनवलाय, त्यात पाच गोष्टी आहेत : फोनवर समुपदेशन, मोबाइलवर मेसेज, निकोटीन गम, घरच्या एका माणसाला ट्रेनिंग आणि रोजची नोंदवही. गाइड म्हणतात सरळ पूर्ण पॅकेजची ट्रायल घे, अर्ध्यांना पॅकेज, अर्ध्यांना नुसता सल्ला. मला मात्र पाचातलं काय खरंच उपयोगी पडतं ते बघायचंय. फॅक्टोरियल डिझाइनबद्दल वाचलं, म्हणजे प्रत्येक गोष्ट द्यायची किंवा नाही अशा सगळ्या मिश्रणांचे गट करून चिठ्ठ्या टाकून लोक वाटायचे, पण त्यात 32 गट होतात आणि मला जेमतेम 320 लोक मिळतील, म्हणजे एका गटात 10 जण. 10 जणांवरून काय कळणार?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण नेमकं इथेच बहुतेक जण घाबरतात आणि मग वर्षानुवर्षं जाडजूड पॅकेजं तशीच वाटली जातात, त्यातलं अर्धं बिनकामाचं असलं तरी कुणाला पत्ता लागत नाही.

32 गट हा आकडा बरोबर आहे. पाच गोष्टी, प्रत्येक द्यायची किंवा नाही द्यायची, म्हणजे दोन गुणिले दोन असं पाच वेळा. पण आपण या 32 गटांची एकमेकांशी तुलना करतच नाही हो! आधी तीन गोष्टींचं बघा. समुपदेशन, मेसेज, गम, म्हणजे 8 गट, समजा 240 लोक, गटात 30. आता समुपदेशनाचा परिणाम बघायचा तर ज्या चार गटांना ते मिळालं ते सगळे 120 एका बाजूला, बाकीचे 120 दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंना मेसेजवाले अर्धे, गमवाले अर्धे, त्यामुळे तुलना समतोल राहते. मग त्याच 240 लोकांना परत वेगळं विभागायचं, मेसेजवाले आणि बिनमेसेजवाले. परत गमसाठी. म्हणजे प्रत्येक माणूस तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. हेच तीन प्रश्न तीन वेगळ्या प्रयोगांत विचारले असते तर तेवढ्याच ताकदीसाठी 720 लोक लागले असते. तुमच्या 320 मध्ये प्रत्येक गोष्टीसाठी 160 विरुद्ध 160 असा सामना होतो, 10 विरुद्ध 10 नाही.

ही युक्ती मूळची शेतातली. रोनाल्ड फिशर इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते, त्यांनी 1926 मध्येच ठासून मांडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा हट्ट सोडा, सगळे प्रश्न एकत्र विचारा. आरोग्याच्या क्षेत्रात लिंडा कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी 2005 च्या सुमारास इंजिनिअरिंगची विचारपद्धत आणून याची एक पूर्ण चौकट मांडली, तिला मोस्ट म्हणतात, मल्टीफेज ऑप्टिमायझेशन स्ट्रॅटेजी. आधी तयारी, मग फॅक्टोरियल प्रयोगातून निवड, आणि मग निवडलेल्या आटोपशीर पॅकेजची नेहमीसारखी ट्रायल. त्यामुळे गाइडना सांगा की तुमची ट्रायल रद्द होत नाहीये, ती फक्त एक पायरी पुढे सरकतेय.

आता एक कडू गोष्ट. 320 बहुतेक पुरणार नाहीत. तंबाखू सुटली की नाही हे हो-नाही प्रकारचं मोजमाप आहे, समजा एखाद्या गोष्टीमुळे सोडणाऱ्यांचं प्रमाण 15 टक्क्यांवरून 25 वर जातं, तर तो फरक 80 टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक बाजूला अडीचशेच्या आसपास लोक लागतात, म्हणजे एकूण 500. पण लक्षात घ्या, साध्या दोन गटांच्या ट्रायललाही एवढेच लागले असते, त्या 500 मध्ये तुम्हाला पाच उत्तरं मिळतात. हवं तर या टप्प्यात योगायोगाचा फरक खरा समजण्याची जोखीम 0.05 ऐवजी 0.10 धरा, आधी लिहून ठेवून. इथे चांगली गोष्ट हातातून निसटणं हीसुद्धा मोठीच चूक असते.

32 जमत नसतील तर अर्धेच, नीट निवडलेले 16 गट घेता येतात. सॉफ्टवेअर निवडून देतं. त्याची किंमत अशी की काही परिणाम एकमेकांत मिसळतात, पण पाचातून अर्धे घेताना एकेका गोष्टीचा मुख्य परिणाम, म्हणजे बाकीच्या गोष्टी असोत-नसोत तिचा सरासरी परिणाम, मिसळतो तो उरलेल्या चारही गोष्टींच्या एकत्रित इंटरॅक्शनमध्ये, म्हणजे त्या एकत्र आल्यावर एकमेकींचा परिणाम बदलतात त्यात, आणि ती सहसा नगण्य धरता येते. मला हा सौदा पटतो. बॉनी स्प्रिंग यांच्या गटाने अमेरिकेत वजन कमी करण्याच्या ऑप्ट-इन अभ्यासात हेच केलं, 562 लोक, पाच गोष्टी, 16 गट, सहा महिने. त्यात उठून दिसलं ते जवळच्या सोबत्याला मदत कशी करायची याचं ट्रेनिंग, आणि कोचिंगचे 24 फोन घ्यायची गरज उरली नाही, 12 वर भागलं. तुमच्या पाचात घरच्या माणसाचं ट्रेनिंग आहे म्हणून मुद्दाम सांगितलं.

इंटरॅक्शन मात्र बघाच. मेसेज एकटे चांगले, फोन एकटे चांगले, पण दोन्ही मिळून माणूस वैतागतो आणि फोन उचलणंच बंद करतो असं होऊ शकतं. विश्लेषणात आहे-नाही साठी 1 आणि 0 न घालता अधिक 1 आणि उणे 1 घाला, नाहीतर जे आकडे तुम्ही मुख्य परिणाम म्हणून वाचाल ते मुख्य परिणाम नसतीलच.

आणि ज्या गटाला पाचही गोष्टी नाहीत त्याचं काय? त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. साधा नीट सल्ला सगळ्यांना द्या, तो पाया, बाकी पाच त्यावर. स्टाफला 32 प्रकार पाठ करायला लावू नका, प्रत्येक व्यक्तीच्या फाइलवर पाच खुणा असल्या की पुरे, हिला फोन आहे, गम नाही, असं. शेवटची निवड नुसत्या पी-व्हॅल्यूवर (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) नको, एका माणसामागे किती खर्च आणि स्टाफचा किती वेळ परवडतो ती मर्यादा डेटा येण्याआधी ठरवा, नंतर ठरवली की आवडती गोष्ट आत घुसतेच.

प्रश्न : सुरुवातीच्या उपायाने फरक पडला नाही तर पुढे काय द्यायचं, हे तपासता येतं का?

उत्तर : येतं, त्यासाठी स्मार्ट (सिक्वेन्शियल मल्टिपल असाइनमेंट रँडमाइझ्ड ट्रायल) नावाचं डिझाइन आहे, त्यामागे संख्याशास्त्रज्ञ सुसान मर्फी यांचं मोठं काम आहे. ज्यांना फरक पडला नाही त्यांची पुन्हा चिठ्ठी काढतात, अर्ध्यांना तोच उपाय वाढवून, अर्ध्यांना दुसरा. फक्त 'फरक पडला नाही' म्हणजे काय हे आकड्यात आधीच लिहा, कितव्या आठवड्यात आणि कशावरून.

प्रश्न : आमच्या अ‍ॅपमधल्या रोजच्या सूचना लोक बघतच नाहीत. बंद करू?

उत्तर : इतक्यात नको. प्रत्येक वेळी पाठवायची की नाही हे रँडम ठरवा आणि लगेच नंतर काय झालं ते मोजा, याला मायक्रो-रँडमाइझ्ड ट्रायल म्हणतात. लोकांचं चालणं वाढवण्याच्या हार्टस्टेप्स या अ‍ॅपच्या अभ्यासात सहा आठवडे, दिवसातून पाच वेळा असं केलं आणि पुढच्या 30 मिनिटांतली पावलं मोजली. सुरुवातीला चालायच्या सूचनेने पावलं वाढली, पण दिवस गेले तसा परिणाम ओसरला. तुमच्याकडे पहिल्या आठवड्याचा आणि आत्ताचा डेटा असेल तर आधी तो शेजारी शेजारी ठेवून बघा, लोक पहिल्यापासूनच बघत नव्हते की हळूहळू कंटाळले, कारण पहिल्यात सूचनेचा मजकूर आणि वेळ बदलावी लागेल, दुसऱ्यात आधी संख्या कमी करून बघा.