गल्लीतल्या भिंतीवर चित्र काढायचंय, पैसे कसे उभे करायचे?

मस्त विचार आहे, कराच! पण आधी भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या, महापालिकेची भिंत असेल तर वॉर्ड ऑफिसातून, कारण आपल्याकडे मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे आणि हातात कागद नसेल तर पैसे देणारा पण मागे सरतो. मग वर्गणी. घरटी शंभर-दोनशे का होईना पण गल्लीतूनच घ्या, पावती द्या, हिशोब मंडळाच्या फळ्यावर लावा, म्हणजे भिंतीवर कोणी पान थुंकायला लागला तर लोक स्वतःच हटकतात.

नवीन लोक हमखास फक्त रंगाचा खर्च धरतात. ओल काढणं, प्रायमर, परांची, आणि चित्रकाराचं मानधन (फुकट मागू नका प्लीज) हे सगळं आधी लिहून काढा.

सीएसआरच्या (कंपन्या सामाजिक कामासाठी देतात त्या पैशाच्या) मागे आत्ता लागू नका, त्याला सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी असलेली संस्था लागते, ते दुसऱ्या भिंतीच्या वेळी बघू.