‘आजोबा, तू जेवलास का?’

सोन्या,

परवा शनिवारी रात्री तू फोनवर विचारलंस, "आजोबा, तू जेवलास का?" पुण्याहून मामी लगेच म्हणाली, "जेवलास नाही रे, जेवलात का म्हणावं." तुझं तोंड उतरलं. इंदूरला तेव्हा रविवारचे सकाळचे आठ वाजले होते, जेवणाचा प्रश्नच नव्हता. तरी आजोबा म्हणाले, "जेवलो रे." मग भांडी पुसताना तू मला विचारलंस, की आजीला तू ‘तू’ म्हणायचीस आणि आजोबांना ‘तुम्ही’, असं का? आजोबा तुला कमी आवडायचे का?

उद्या सांगते म्हटलं, त्याला चार दिवस झाले. तोंडी सांगायला बसले तर अर्धं इंग्रजीत सांगेन, आणि इंग्रजीत सगळेच ‘यू’. म्हणून लिहिते. अडलास तर ये विचारायला.

आधी व्याकरण उरकू. आपण ‘आई आली’ म्हणतो आणि ‘आजोबा आले’. आजोबा एकच, पण क्रियापद अनेकवचनी. हा मान फक्त पुरुषांना असतो असं समजू नकोस. शाळेतल्या बाई ‘आल्या’. इंदूरच्या विमानतळाला ज्यांचं नाव आहे त्या अहिल्याबाईही ‘आल्या’. आणि गंमत बघ, मामीसुद्धा तुझ्या आजीला ‘आई’च म्हणायची. पण ती म्हणायची "आई आल्या" आणि मी म्हणायचे "आई आली". भिंतीपलीकडच्या माणसालाही तेवढ्यावरून कळावं, सून कोण आणि लेक कोण.

लोक सांगतात, आईला आणि देवाला ‘तू’ म्हणायचं, कारण ती जवळची. असेल. विठोबालाही आपण अरे-तुरेच करतो. पण मग बाप लांबचा का, हे कुणी सांगत नाही. आता तर पुण्यातही तुझ्या वयाची मुलं सर्रास "ए बाबा, तू" म्हणतात, तूही तुझ्या बाबाला म्हणतोसच. आमच्या घरी ते नव्हतं, एवढंच मला सांगता येईल.

रामबागेतल्या घरी भाऊंच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला, की दादा आणि मी पुस्तकं उघडायचो. (हो, मी वडिलांना भाऊ म्हणते. आत्या आणि काका त्यांना भाऊ म्हणत, ते ऐकून आम्हीही तेच म्हणायला लागलो. एकत्र घरांत बापाचा असा दादा, काका, अण्णा काहीही होतो.) भाऊ मारत नसत, ओरडतही नसत. बँकेतून येत, पाय धूत, चहा घेत आणि पेपर उघडत. त्यांना काही सांगायचं असलं तर ते आईला सांगायचं.

सहावीत असताना आमची मांडूची सहल निघाली. त्या संध्याकाळी आम्ही तिघं एकाच खोलीत. आई म्हणाली, "अहो, ही सहलीला जायचं म्हणतेय." पेपराआडून भाऊ म्हणाले, "विचार तिला, किती पैसे." मी चार फुटांवर उभी. आईने माझ्याकडे पाहिलं. मी आईला म्हटलं, "चाळीस." आईने भाऊंना सांगितलं, "चाळीस म्हणतेय." भाऊ म्हणाले, "बघू." ते ‘बघू’ दोन दिवस चाललं.

मी कॅनडात आले तरी तीच तऱ्हा. भाऊंनी फोन उचलला तर "हं, बरी आहेस ना? थांब, आईला देतो." अठरा वर्षं.

आजी गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. तेरा दिवस दादा आणि मी इंदूरला होतो. माणसांचा राबता होता तोवर निभावलं. चौदाव्या दिवशी आम्ही तिघं ओसरीवर बसलो, आणि कुणाला काय बोलावं ते कळेना. एकमेकांचं बोलणं पोचवणारीच गेली होती. दादाचं आणि भाऊंचं तर १९९८ पासूनच बिनसलेलं. दादाने बँकेच्या परीक्षा देणार नाही म्हणून सांगितलं आणि तो पुण्याला नाटकवाल्यांबरोबर प्रकाशयोजना करायला गेला. त्यानंतर दोघांत "गाडी किती वाजता?" एवढंच.

मी परत आल्यावर महिन्याभराने भाऊंचा फोन आला. त्यांनी आपणहून केलेला पहिलाच. मी घाबरतच उचलला.

"कॅलेंडरवर ‘ना’ म्हणजे काय गं?"

दूधवाला पैशांना आला होता आणि म्हणाला होता, हिसाब तो भाभीजी कैलेंडर पे लिखती थीं. भाऊंनी कालनिर्णय खिळ्यावरून काढलं. रोजच्या चौकोनात आईची खूण. १॥ म्हणजे दीड, १। म्हणजे सव्वा, हे त्यांना लागलं. ‘ना’ लागेना.

"नागा," मी म्हटलं. "त्या दिवशी दूध नाही."

"अच्छा. नागा." मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला. "आणि ‘मो.’ म्हणजे?"

मो. म्हणजे मोगरा की मोलकरीण, यावर आम्ही दहा मिनिटं बोललो. भाऊंशी सलग दहा मिनिटं मी जन्मात पहिल्यांदा बोलत होते.

आईने जुनी कॅलेंडरं टाकली नव्हती. कालनिर्णय निघालं १९७३ साली आणि आईचं लग्न झालं १९७५ ला. पहिली काही वर्षं बहुधा फडताळात कागद म्हणून गेली असावीत, पण १९८४ पासूनची सगळी पलंगाखालच्या ट्रंकेत गुंडाळून ठेवलेली निघाली. भाऊ रोज एक महिना वाचायला लागले. त्यांची सकाळ, आपली संध्याकाळ. "मी चौऱ्याऐंशीचा ऑगस्ट बघून राहिलोय," असा फोन यायचा. (‘बघून राहिलोय’ आम्ही इंदूरचे लोक म्हणतो. पुण्यात त्याला हसतात. तू हसू नकोस.) मला लागलं नाही की दादाला जोडायचं. असं करत करत आपला शनिवारचा फोन ठरला, ज्याला तू ‘कॅलेंडर कॉल’ म्हणतोस.

भाऊंची एक तक्रार होती. एकोणचाळीस कॅलेंडरं चाळली, त्यात त्यांचं नाव एकदाही नाही. सगळीकडे ‘ह्यांना’, ‘ह्यांचा’. ‘ह्यांचा चष्मा’. ‘ह्यांना दाढ’. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आजीच्या वेळची रीत, पण हिने लिहितानाही पाळली. ते चिडून सांगत होते, पण चिडलेले नव्हते.

मग १९९१ आलं. ५ डिसेंबर, गुरुवार. भाऊंनी वाचलं, "मांडू ४०. दिले. ह्यांना रविवारी विचारणे."

मी इतकी हसले की तू वरून खाली पळत आलास, आठवतं? पैसे आधीच शाळेत भरलेले होते. विचारणं नंतर. भाऊ म्हणाले, "म्हणजे मी दोन दिवस उगाचच विचार करत होतो."

१९९८ चं मात्र हसण्यासारखं नव्हतं. दादा फोनवर होता. भाऊ ऑगस्ट वाचत होते, "पुणे, म. ऑ. ५००. ह्यांनी दिले..." आणि थांबले. म्हणाले, "पुढचं अक्षर लागत नाही." आईचं अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल, न लागायला काय झालं? पण आम्ही दोघं गप्प बसलो आणि त्यांनी पान उलटलं.

रात्री आमच्या तिघांच्या ग्रुपवर त्या चौकोनाचा फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. फोटोत लिहिलेलं होतं, "ह्यांनी दिले. सांगू नको म्हणाले." दर महिन्याच्या एक-दोन तारखेला तेच, दोन वर्षं. ती मनीऑर्डर आई भिशीच्या पैशातून करते असं दादा इतकी वर्षं धरून चालला होता. त्याने भाऊंना फोन लावला. पाऊण तास बोलले दोघं. काय बोलले ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

तर तुझा प्रश्न. भाऊ मला कमी आवडायचे का? नाही रे. मला ते फार कमी माहीत होते. ‘तुम्ही’मुळे तसं झालं, की तसं होतं म्हणून ‘तुम्ही’, याचा छडा मला लागलेला नाही. आज ते मला आईइतकेच जवळचे आहेत, तरी त्यांना ‘तू’ म्हणायला माझी जीभ वळणार नाही. मी एकदा बाथरूममध्ये एकटीने म्हणून पाहिलं. "भाऊ, तू." दुसऱ्याच कुणाच्या वडिलांना हाक मारल्यासारखं वाटलं.

आणि एक. परवाचा फोन संपल्यावर भाऊंनी मला परत फोन केला होता. तू झोपला होतास. म्हणाले, "त्याला सुधारू नका. माझी आई गेली, थोरला भाऊ गेला. आता मला ‘जेवलास का’ म्हणणारं कुणी नाही."

तेव्हा विचारत जा. वेळ मात्र बघ, सकाळी आठला पोहे खातात ते. येत्या शनिवारी १९९९ चा मे आहे.

तुझी,
आई

ता. क. मामीला हे अजून सांगितलेलं नाही. ती परत टोकेल, तेव्हा आजोबा काय म्हणतात ते ऐक.