बॅटरी राहू द्या, आधी टर्म प्लॅन घ्या

नाशिकच्या एका वाचकांनी विचारलंय: महावितरणचं स्मार्ट मीटर बसलं, सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर सवलत सुरू झाली. आता विक्रेता 3 किलोवॅट सोलर आणि 5 युनिटची बॅटरी 4 लाख 60 हजारांत देतोय. 'दिवसा स्वस्त वीज साठवा, रात्री वापरा, उरलेली विका, पाच वर्षांत पैसे वसूल.' घ्यावं का? पैसे एफडी मोडून देणार आहेत.

बॅटरी घेऊ नका. सवलत आहे युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया. रोज 5 युनिट साठवलीत तरी वर्षाला 1,800 युनिट, म्हणजे जेमतेम पावणेदोन हजार रुपये. त्यातही साठवताना-काढताना दहाएक टक्के वीज वाया जाते. तुमच्या स्लॅबमध्ये युनिट दहा-अकरा रुपयांना पडतं, म्हणजे पाच युनिटांमागे अर्धं युनिट, पाचेक रुपये वाया गेले आणि सवलत तिथेच संपली. एवढ्यासाठी बॅटरीचे दोन-अडीच लाख मोजायचे? सोलर बसवल्यावर दिवसाची जादा वीज नेट मीटरिंगमध्ये बिलातून वजा होतेच. वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर इतका कमी असतो की वीज विकून कमाई हे स्वप्न कुणी दाखवू नये.

सवलत मात्र सोडू नका. दुपारी सोलरची वीज मुबलक असते आणि संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे एकदम लागले की महाग वीज आणावी लागते, म्हणून ही सवलत आहे. वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री, स्कूटरचं चार्जिंग दुपारी करा. महिन्याला 80 युनिट सरकली तर 65-80 रुपये वाचतील. फुकटात मिळतात, घ्या.

पण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या चार ओळींनी मला जास्त काळजी वाटली. वय 43, हातात पगार 85 हजार, पत्नी घरी, दोन मुलं शाळेत, गृहकर्ज 28 लाख बाकी. विमा म्हणून एकच एन्डाउमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी: हप्ता वर्षाला 96 हजार, सहा हप्ते भरले, कव्हर 10 लाख. मेडिक्लेम फक्त कंपनीचा. आणि ही साडेचार लाखांची एफडी हीच सगळी शिल्लक.

उद्या तुमचं काही बरं-वाईट झालं तर 10 लाख कर्जात जातील आणि 18 लाखांचं कर्ज पत्नीच्या डोक्यावर राहील. नोकरी गेली तर मेडिक्लेमही त्याच दिवशी गेला. एजंटने वीस वर्षांनी 45 लाख सांगितलेत. अशा पॉलिसीत पाचेक टक्केच सुटतात, त्या हिशोबाने 33 लाखांच्या आसपास येतील. ज्याने घरकर्ज असलेल्या माणसाला हे 'विमा अधिक गुंतवणूक' म्हणून गळ्यात मारलं, त्याने तुमच्या मुलांचा विचार केलेला नाही.

तुमच्या वयाला, सिगारेट-तंबाखू नसेल तर, एक कोटीचा साठाव्या वर्षापर्यंतचा टर्म प्लॅन (निव्वळ विमा, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे) साधारण 20-25 हजारांत बसतो. चौघांचा दहा लाखांचा स्वतंत्र मेडिक्लेम आणखी 25-30 हजार. सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवरचा जीएसटीही गेलाय. म्हणजे एन्डाउमेंटचा हप्ता थांबवला की त्याच 96 हजारांत दोन्ही बसून चाळीसेक हजार उरतात. फॉर्ममध्ये बीपी-शुगर काहीही लपवू नका, क्लेम तिथेच अडतो.

एफडीला हात लावू नका, ती जेमतेम पाच-सहा महिन्यांचा घरखर्च आहे. सोलर हवंच तर तुमच्या महिन्याच्या 260 युनिटांना बॅटरीशिवाय 2 किलोवॅट पुरेल. केंद्र सरकारच्या छतावरच्या सोलरसाठीच्या सूर्यघर योजनेतून 60 हजार अनुदान मिळतं, पदरचे 70-80 हजार लागतील. त्याला सरकारी बँका बिनतारण, स्वस्त कर्ज देतात. महिन्याला दोन हजारांवर बिल वाचलं तर तीन-साडेतीन वर्षांत वसूल.

आधी टर्म आणि मेडिक्लेम, मग सोलर. आणि जुनी पॉलिसी पेड-अप करायचा (पुढचे हप्ते बंद, भरलेल्या हप्त्यांपुरती पॉलिसी चालू) अर्ज टर्मची पॉलिसी हातात पडल्यावरच द्या. तोवर तिचा हप्ता चुकवू नका.