घरी कसे सांगू?

पैशांची फसवणूक झालेला माणूस समुपदेशकाकडे येतो तेव्हा पैसे परत कसे मिळतील हे तो विचारील, असे कोणालाही वाटेल. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे मात्र पहिल्या अर्ध्या तासात दुसराच प्रश्न विचारतात. गेले ते गेले, पण घरी कसे सांगू, हा तो प्रश्न. यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांकडून, किराणा दुकानदारांकडून, निवृत्त शिक्षकांकडून आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांकडून मी तो ऐकत आले आहे. कापूस आणि तूर विकून हातात पैसा खेळू लागला की पुढच्या दोन-तीन महिन्यांत तो अधिक ऐकू येतो. म्हणून त्याचे उत्तर एका कुटुंबाच्या अनुभवातून द्यावे असे ठरवले. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ज्यांची ही हकीकत आहे त्यांना आपण भाऊ म्हणू. पन्नाशीच्या आसपासचे, आठ एकर वावर असलेले, गावात शब्दाला किंमत असलेले गृहस्थ. झोप लागत नाही आणि जेवण जात नाही, अशी तक्रार घेऊन ते प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या करून त्यांना माझ्याकडे पाठवले. अशा माणसाला जीव नकोसा झाला आहे का, हे मी पहिल्याच भेटीत आडपडदा न ठेवता विचारते, कारण आपल्या भागात हा प्रश्न पुढच्या भेटीवर ढकलण्याची चैन परवडणारी नाही. भाऊंच्या मनात तसा विचार एकदा येऊन गेला होता. त्यावर आम्ही आधी बोललो. रात्री-अपरात्री असा विचार पुन्हा आला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते, हे सांगून तो क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये साठवून दिला. पैशांचा विषय त्यानंतरच निघाला.

हकीकत अशी होती. एका दूरच्या सोयऱ्याने त्यांना तालुक्याच्या गावी हॉटेलातल्या सभेला नेले. शेअर बाजारात पैसे लावणारी कंपनी आहे, महिन्याला दहा टक्के मिळतात, शिवाय आपल्या खाली माणसे लावली की त्यांच्या रकमेवर कमिशन मिळते, असे तिथे सांगण्यात आले. भाऊंनी फेब्रुवारीत पन्नास हजार टाकले. मार्च आणि एप्रिलमध्ये पाच-पाच हजार खात्यात आले. मग मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले दोन लाख त्यांनी टाकले आणि साळ्यालाही एक लाख टाकायला लावले. पेरणी तोंडावर आली तेव्हा पैसे येणे बंद झाले. मोबाइलवर चार लाखांचा आकडा दिसत होता, पण तो काढायचा तर आधी अठरा टक्के कर, म्हणजे बहात्तर हजार, भरावा लागेल असे उत्तर आले. बियाण्यासाठी पैसे हवेत असे पत्नीला सांगून त्यांनी तिचे सोने गहाण ठेवले आणि कर भरला. त्यानंतर अडकलेली फाइल सोडवून देतो असे म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसाला, शेकडा पाच रुपये महिन्याने कर्ज काढून, तीस हजार दिले.

हे सगळे सांगून झाल्यावर ते म्हणाले, "मी तपासलं नाई असं नाई जी. दोन महिने पैसे आले, मंगच मोठी रक्कम टाकली."

या वाक्याकडे मी कधीच दुर्लक्ष करीत नाही, कारण फसलेला माणूस आंधळेपणाने फसला हा समज त्यातच खोटा ठरतो. घरचे सोयाबीन पेरण्याआधी भाऊ शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि सत्तरहून कमी उगवले तर ते बियाणे वापरत नाहीत. मी त्यांना विचारले, "ते शंभर दाणे तुम्ही तुमच्या पोत्यातून काढता. विकणाऱ्याने स्वतः निवडून आणलेले शंभर दाणे उगवून दाखवले तर तुम्ही पोते घ्याल का?" ते बराच वेळ गप्प राहिले. सुरुवातीला मिळणारा परतावा हा ठगाने निवडलेला दाणा असतो. तो दुसऱ्या कोणाच्या, पुष्कळदा आपल्याच, मुद्दलातून दिलेला असतो. १९२० साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात चार्ल्स पाँझी नावाच्या माणसाने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफ्याचे आश्वासन देऊन हजारो लोकांना असेच बुडवले होते, आणि त्या लोकांमध्ये शिकलेसवरलेले, पोलीस खात्यात नोकरी करणारेही होते. हा जुना किस्सा मी मुद्दाम सांगते. शंभर वर्षे लोटली तरी ही युक्ती चालते, तेव्हा तिला बळी पडणारा माणूस जगातला एकमेव मूर्ख नसतो, हे आकड्यांसह समोर आल्यावर माणसाचा श्वास थोडा मोकळा होतो.

मग आम्ही कागदावर हिशेब केला. दरमहा दहा टक्के आणि मिळालेले पैसे पुन्हा तिथेच ठेवले, म्हणजे आठ महिन्यांत पैसे दुपटीहून अधिक. तसेच ठेवत गेले तर एका लाखाचे तीन वर्षांत जवळपास ३१ लाख आणि पाच वर्षांत तीन कोटींहून अधिक होतात. पोस्टाच्या किसान विकास पत्रात, एप्रिल २०२३ पासूनच्या साडेसात टक्के दराने, रक्कम दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. ज्याच्याकडे एका लाखाचे तीन कोटी करणारी विद्या आहे तो तालुक्याच्या हॉटेलात चहा पाजून आपल्याकडे पन्नास हजार का मागेल? शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेकडे नोंदणी असलेल्या दलालाला किंवा सल्लागाराला हमखास परताव्याचे आश्वासन देण्याची मुभाच नाही, म्हणून 'हमखास' हा शब्द कानावर पडला की चौकशी तिथेच संपवावी. पैसे कंपनीच्या नावाने मागितले जातात आणि खाते मात्र कुठल्याशा व्यक्तीचे दिले जाते, ही दुसरी खूण. आपलेच पैसे काढण्यासाठी आधी पैसे भरा असे सांगणे ही तिसरी, आणि ती दिसली की पुढे एक रुपयाही भरू नये; खरा कर आपण सरकारकडे भरतो, ॲपवरच्या अनोळखी खात्यात नाही.

एवढे समजूनही भाऊंची झोप परत आली नाही. माहितीने डोके शांत होते, पण मनातली भीती तशीच राहते. ती कोणत्या समजुतीवर उभी आहे ते शोधावे लागते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे आणि इतक्या वर्षांच्या कामात तो वाढतच गेला आहे. माणूस घटनेने जितका मोडतो त्याहून अधिक त्या घटनेचा जो अर्थ तो लावतो त्याने मोडतो, हे मी आपल्या खेड्यांतून रोज पाहते. म्हणून दुसऱ्या भेटीत मी भाऊंना एक प्रश्न विचारला. तो प्रश्न माझ्या अनुभवातून घडला आहे आणि त्याने क्वचितच मला रिकाम्या हाती परत पाठवले आहे.

"पहिले अडीच लाख तुम्ही कशासाठी भरले?"

"वाढतीन म्हणून. पोरीच्या लग्नात कोणापुढं हात पसरायचं काम पडू नये म्हणून."

"आणि नंतरचे बहात्तर हजार?"

ते थांबले. भिंतीकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "घरी सांगायचं काम पडू नये म्हणून."

"तीस हजार?"

"तेच."

मी कागदावर दोन रकमा वेगवेगळ्या लिहिल्या. वर आलेले दहा हजार वजा करून दोन लाख चाळीस हजार, आणि खाली एक लाख दोन हजार. वरची रक्कम ठगाने नफ्याचे आमिष दाखवून नेली होती. खालची रक्कम नफ्यासाठी गेलीच नव्हती. ती गुपित झाकून ठेवण्याची किंमत होती, आणि ते गुपित राहिले असते तर आणखी द्यावी लागली असती. भाऊंनी तो कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि म्हणाले, "म्हंजे दुसऱ्या डावात मले लालच नव्हतीच. भेव होतं."

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला स्पष्ट दिसला. आपण लोभी आहोत, म्हणून आपल्याला शिक्षा झाली, असे ते तीन महिने स्वतःला सांगत होते. त्यांना भीती कशाची होती, हेही मग बोलण्यात आले. घरचा कर्ता फसला की तो कर्ता राहत नाही, ही त्यांची पक्की समजूत होती. मी त्यांना एवढेच विचारले की कर्तेपण न चुकण्यात असते की चूक झाल्यावर घर सावरण्यात असते, आणि याचे उत्तर त्यांनी घरी जाऊन शोधावे असे सुचवले. ठगांच्या धंद्याचा खरा आधार लोभ नसून लाज आहे, असे माझे ठाम मत या आणि अशा अनेक कुटुंबांमुळे झाले आहे. लोभामुळे पहिला हप्ता जातो. लाजेमुळे दुसरा, तिसरा आणि चौथा जातो, आणि तक्रारही नोंदवली जात नाही.

तिसऱ्या भेटीला ते पत्नीला घेऊन आले. त्यांनी तिला माझ्यासमोरच सांगितले. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "माह्या भावाचे किती?" एक लाख, हे ऐकून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पैसे गेल्याचे दुःख होतेच, पण बियाण्याच्या नावावर सोने नेले हे त्यांना अधिक लागले होते, आणि तो राग त्यांनी पुरता बोलून दाखवला. मी त्यांना थांबवले नाही. तो राग रास्त होता. शेवटी त्या म्हणाल्या, "आता तं पुरं सांगतलं न? का अजून काई हाये?" तेव्हा कुठे शेकडा पाचाच्या तीस हजारांची गोष्ट बाहेर आली.

वहिनी गावातल्या महिला बचत गटाच्या कोषाध्यक्ष आहेत, हे मला त्याच भेटीत कळले. गटात कर्ज कसे देता, असे मी सहज विचारले. त्यांनी सांगितले की बैठकीत सगळ्यांसमोर उभे राहून रक्कम किती, कशासाठी आणि कशी फेडणार हे बोलावे लागते, बाया प्रश्न विचारतात, मग वहीत लिहिले जाते. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब ही गटाची पंचसूत्री आहे. ऐकता ऐकता भाऊंनी मान खाली घातली. गटातल्या बाया दोन हजारांसाठी दहा जणींना कारण सांगतात आणि त्यांनी दोन लाख कोणालाही न विचारता मोबाइलवरून पाठवले होते, ही तुलना मला करावी लागली नाही. ती त्यांनी स्वतःच केली. पैशांच्या निर्णयाला चार कान लागले की ठगाची अर्धी ताकद जाते, असे मी सर्वांना सांगते. म्हणूनच "आजच भरा, कोणाला सांगू नका, जागा कमी आहेत" ही वाक्ये ठगांच्या तोंडी हटकून असतात.

पुढची कामे मी थोडक्यात सांगते. ऑनलाइन पैसे गेले की सर्वांत आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते. भाऊंच्या बाबतीत तो वेळ निघून गेला होता, तरीही त्यांनी पोलीस ठाण्यात आणि सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तक्रार दिली. लाजेपोटी ते सगळे संदेश पुसून टाकणार होते. ते पुसले असते तर व्यवहार क्रमांक आणि खाते क्रमांक, म्हणजे तक्रारीचा सगळा आधार, गेला असता. माणसे जमवून ठेवी गोळा करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदाही आहे. अशा प्रकरणांत जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जाता येते, आणि सोयरा दुखावेल म्हणून थांबू नये. तो सोयराही बहुधा फसलेलाच असतो.

घरातले निर्णय दोघांनी बसून घेतले. साठ टक्के वार्षिक व्याजाचे तीस हजार आधी फेडायचे ठरले. वहिनींनी त्यासाठी गटाकडे शेकडा दोन रुपयांनी कर्ज मागितले आणि बैठकीत खरे कारण सांगितले. मला त्यांच्या या धाडसाचा फार अभिमान वाटतो. त्यांनी बोलायला सुरुवात केल्यावर आणखी दोघींनी आपल्या घरीही तसेच फोन येत असल्याचे सांगितले. पीककर्जाबाबत मी एकच गोष्ट आग्रहाने मांडली. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. तेव्हा कापसाच्या पैशातून आधी बँकेचे कर्ज भरणे हा घरबसल्या मिळणारा, कुठल्याही सभेला न जाता मिळणारा फायदा आहे. सोने बँकेत होते, ते हंगामानंतर सोडवायचे ठरले. साळा अजून नीट बोलत नाही. त्याचे पैसे थोडे थोडे द्यायचे भाऊंनी कबूल केले आहे. ठगांकडून अद्याप काहीही परत आलेले नाही.

मध्यंतरी वसुली कक्षातून बोलतो म्हणणाऱ्या एकाचा भाऊंना फोन आला. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून पत्नीला आणि मुलाला जवळ बोलावले, तेव्हा समोरच्याने लगेच फोन ठेवला. एकदा फसलेल्यांचे क्रमांक अशा टोळ्यांकडे फिरत असतात, म्हणून हे फोन येत राहतील असे धरूनच चालावे. पोलीस, १९३० किंवा न्यायालय, यांपैकी कोणीही पैसे परत मिळवून देण्यासाठी फोनवर फी मागत नाही.

जे अजून घरी बोललेले नाहीत त्यांना माझे सांगणे असे आहे. ज्याच्याशी पैशांचा संसार आहे त्याला आधी सांगा, इतरांना नंतर. दिवसाउजेडी, जेवणे झाल्यावर, मुले समोर नसताना सांगा, आणि एकट्याने सांगणे जड जात असेल तर विश्वासातल्या वडीलधाऱ्या माणसाला किंवा समुपदेशकाला सोबत घ्या. गेलेली रक्कम, काढलेले कर्ज, गहाण ठेवलेली वस्तू आणि कोणाकोणाला त्यात ओढले, हे चारही आकडे एका कागदावर लिहून एकाच बैठकीत पुढे ठेवा. अर्धे आज आणि अर्धे उद्या असे केले तर दुसऱ्या दिवशीचा राग पहिल्या दिवशीपेक्षा मोठा असतो, कारण तेव्हा पैशांवरचा विश्वास नव्हे, तुमच्या शब्दावरचा विश्वास जातो. समोरचा रागावेल, त्याला रागवू द्या आणि त्या वेळी स्वतःची बाजू मांडू नका. त्याच रात्री पुढचे सगळे ठरवण्याचाही प्रयत्न करू नका. १९३० चा फोन आणि तक्रार मात्र त्याच दिवशी करा, आणि कर्जांचा क्रम दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी मिळून लावा, सर्वांत जास्त व्याजाचे कर्ज सर्वांत वर ठेवून.