फोनवर एका ॲपमधून दुसऱ्यात पटकन कसं जायचं? दर वेळी होमवर जाऊन शोधावं लागतं.

खालची तीन बटणं परत लावा. जेश्चरचं, म्हणजे बटणांऐवजी बोट सरकवून फोन चालवण्याचं, कौतुक मला कुणी सांगू नये.

मी नारायण पेठेत घरीच उकडीचे मोदक करून विकते. गणपतीत फोन हेच माझं दुकान. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर, यादी नोट्समध्ये, पैसे यूपीआयवर. गेल्या वर्षी आठवडाभर आधी धाकटे दीर आले, "वहिनी, बटणं आता कोण वापरतं" म्हणत जेश्चर लावून गेले. वर बजावलं, काम झालं की सगळी उघडी ॲप्स सरकवून उडवायची, म्हणजे बंद करायची, बॅटरी वाचते. मी ऐकलं.

चतुर्थीला सकाळी सातलाच जिन्यात सहा-सात माणसं उभी, माझा हात तेल-पाण्याचा. यादीकडे जायला अंगठा सरकवावा तर भलतंच उघडायचं. पैशांचं ॲप उडवलेलं, म्हणून ते दर वेळी पहिल्यापासून सुरू होऊन लॉक मागायचं. त्या गडबडीत एका आजींचे एकवीस मोदक दुसऱ्याच्याच डब्यात गेले. नवीन घाणा काढेपर्यंत त्यांचा नैवेद्य दीड वाजेपर्यंत खोळंबला. संध्याकाळी आरतीला दीर सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनींना फोन जमत नाही."

जमतो. ओल्या हाताला ठरलेल्या जागेवरचं बटण लागतं, एवढंच. मुलीने त्याच रात्री बटणं परत लावून दिली. सेटिंग्जमध्ये 'नेव्हिगेशन' शोधा, तिथेच आहे. आता चौकोनी बटण पाठोपाठ दोनदा दाबलं की यादी आणि पैसे आलटून पालटून समोर येतात. ही सोय ॲन्ड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे.

आणि ॲप्स उडवू नका. मेमरी कमी पडली की फोन स्वतःच जुनी ॲप्स बंद करतो. उडवलेलं ॲप पुन्हा उघडताना सगळं नव्याने लोड होतं, त्यात बॅटरी उलट जास्त जाते. दीर अजूनही हे मानत नाहीत. अडकलेलं ॲप मात्र उडवावंच लागतं, ते वेगळं.

सॅमसंगवर चौकोनाऐवजी तीन उभ्या रेघा असतात, त्याही डावीकडे. आयफोनला ही बटणंच नाहीत. होम बटण नसलेल्या आयफोनवर तळाच्या रेघेवर बोट आडवं सरकवा. ॲन्ड्रॉइडच्या जेश्चरमध्येही तसंच होतं, हात कोरडा असेल तर.