रेडिओवरच्या संध्याकाळच्या टॉक शोमध्ये आठवडाभराचे पाहुणे आधीच जाहीर करतात, मग ऐनवेळी नावं का बदलतात?

कारण ती यादी म्हणजे पक्कं टाइमटेबल नसतंच. संध्याकाळचा शो बहुतेक लाइव्ह असतो, आणि दुपारी एखादी मोठी बातमी आली की ठरलेला विषय सरळ पुढे ढकलतात. त्यातही कोणाला ढकलायचं याचं गणित असतं बघा, लेखक किंवा डॉक्टर असेल तर तो पुढच्या आठवड्यात पण चालतो, पण ज्याचं नाटक उद्या ओपन होतंय किंवा ज्याच्या पिक्चरचं प्रमोशन चाललंय त्याला हलवून उपयोग नाही, त्याची तारीखच महत्त्वाची.

पाहुणा ठरवायचं काम प्रोड्यूसरचं. तो आधी फोनवर गप्पा मारतो, खरं तर ती चाचणीच असते, माणूस मोकळं बोलतो की हो-नाही करून गप्प बसतो हे तिथेच कळतं. मग अँकरसाठी पानभर टिपणं काढतात, नावाचा उच्चार, आधीचं काम, कुठला प्रश्न टाळायचा वगैरे. एखादा बदली पाहुणा पण तयार ठेवतात, तो स्टुडिओत नाही आला तरी फोनवरून चालतो.

आणि ज्या एपिसोडला श्रोत्यांचे फोन घेणार असतात त्याचा विषय सहसा शेवटपर्यंत बदलत नाहीत, कारण पाहुणा नाहीच आला तर फोनवरच तास निघतो. तुम्हाला कोणी खास ऐकायचाच असेल तर त्या दिवशी दुपारचा प्रोमो ऐका, आठवड्याच्या यादीपेक्षा तोच जास्त भरवशाचा.